अटींवर संघराज्यात : सबाहचे डोनाल्ड स्टीफन्स

मलाया, सिंगापूर, सारावाक आणि उत्तर बोर्निओ मिळून १६ सप्टेंबर १९६३ रोजी मलेशिया हे संघराज्य अस्तित्वात आले. उत्तर बोर्निओ, म्हणजेच सबाहचे पहिले मुख्यमंत्री झाले डोनाल्ड स्टीफन्स. दोनच वर्षांपूर्वी या योजनेच्या कडव्या विरोधकांत त्यांची गणना होत होती.

कुडात येथे १९२० मध्ये जन्मलेले स्टीफन्स मिश्र वंशाचे होते. त्यांची नाळ मात्र कदाझान समाजाशी जुळलेली होती. महायुद्धात जपानी सैन्याने जानेवारी १९४४ मध्ये पेटागास येथे त्यांच्या वडिलांना ठार केले. पुढे ते पत्रकारितेत आले आणि १९५३ मध्ये त्यांनी ‘सबाह टाइम्स’ हे वृत्तपत्र सुरू केले.

मलायाचे पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांनी मे १९६१ मध्ये संघराज्याची कल्पना मांडली. स्वातंत्र्याआधीच विलीन होणे म्हणजे केवळ मालक बदलणे, अशी स्टीफन्स यांची भूमिका होती. जुलैमध्ये ब्रुनेईचे अझहारी आणि सारावाकचे ओंग की हुई यांच्यासह त्यांनी संयुक्त आघाडी उभारली. ती फार काळ टिकली नाही. सिंगापूरमधील चर्चांनंतर स्टीफन्स यांचे मत बदलले आणि योजनेवर विचारविनिमय करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. अझहारी विरोधावर ठाम राहिले. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांच्या पक्षाने ब्रुनेईत सशस्त्र उठाव केला आणि ब्रिटिश फौजांनी तो मोडून काढला.

त्याच वर्षी लोकमत अजमावण्यासाठी कॉबोल्ड आयोग नेमण्यात आला. त्याच्या पाच सदस्यांत बोर्निओचा एकही नव्हता. सुमारे एकतृतीयांश जनता योजनेच्या बाजूने, तेवढीच सशर्त अनुकूल आणि उर्वरित साशंक वा विरोधी, असे आयोगाला आढळले. त्या सशर्त मताला स्टीफन्स व इतर नेत्यांनी वीस कलमी मागणीपत्राचे रूप दिले. धर्म, भाषा, बाहेरून येणाऱ्यांच्या प्रवेशावर नियंत्रण अशी संरक्षणे त्यात होती. संघराज्यातून फुटून निघण्याचा हक्क नसावा, हेही त्यातच नमूद होते.

हे कलम लवकरच जड गेले. राज्यप्रमुख मुस्तफा यांच्याशी खटके उडाल्याने १९६४ च्या अखेरीस स्टीफन्स यांना मुख्यमंत्रिपद सोडून केंद्रात जावे लागले. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर वेगळे झाले. ज्या भागीदारीत आपण आलो तीच उरली नसेल तर सबाहच्या अटींचाही फेरविचार व्हावा, ही त्यांची मागणी क्वालालंपूरने मान्य केली नाही आणि त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९६७ मध्ये त्यांचा पक्षही विसर्जित झाला.

त्यानंतर ऑस्ट्रेलियातील उच्चायुक्तपद, १९७१ मध्ये इस्लामचा स्वीकार व फुआद हे नवे नाव आणि पुढे सबाहचे राज्यप्रमुखपद, असा प्रवास झाला. एप्रिल १९७६ च्या निवडणुकीत बरजाया पक्षाने मुस्तफा यांच्या पक्षाचा पराभव केला आणि स्टीफन्स पुन्हा मुख्यमंत्री झाले. अवघ्या ५३ दिवसांनी, ६ जून रोजी कोटा किनाबालूजवळ त्यांचे विमान कोसळले. त्यांच्यासह विमानातील सर्व ११ जण मृत्युमुखी पडले; त्यांत त्यांचा मुलगा आणि राज्याचे काही मंत्रीही होते. घातपाताची शंका अनेक दशके कायम राहिली. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या चौकशी अहवालात घातपाताचा पुरावा आढळला नसल्याचे आणि विमानाच्या मागील भागात प्रमाणाबाहेर भार असल्याचे नमूद आहे.

अपघातानंतर आठच दिवसांनी, १४ जून १९७६ रोजी त्यांचे उत्तराधिकारी हॅरिस सालेह यांनी तेल करारावर स्वाक्षरी केली. त्यानुसार सबाहच्या वाट्याला तेल उत्पन्नाचे पाच टक्के आले.