बटाट्यातला शोध आणि आपला थकवा : डॉ. कमला सोहोनी

सकाळच्या गर्दीत मीरा रोड किंवा भाईंदरहून चर्चगेट आणि रात्री तसेच उभ्याने परत. अशी दगदग करणारे अनेक जण दवाखान्यात येतात तेव्हा त्यांचे एकच मागणे असते : अंगात ताकद राहिलेली नाही, एखादी सलाईनची बाटली लावा. ताकद बाटलीतून येत नाही, ती शरीरातल्या प्रत्येक पेशीत तयार होते, हे पटवून देणे सोपे नसते. अशा वेळी मला डॉ. कमला सोहोनी आठवतात. चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या विज्ञान संस्थेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. पेशीत ऊर्जा कशी तयार होते, या कोड्याचा एक तुकडा त्यांनी शोधून काढला होता.

प्रवेशासाठी झगडा

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्राचे अभ्यासक होते आणि बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले होते. कमलाबाईंनाही तिथेच जायचे होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला.

कमलाबाई मागे हटल्या नाहीत. थेट बंगळूर गाठून त्यांनी सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, कामाची वेळ मार्गदर्शक सांगतील ती आणि इतर संशोधकांच्या कामात त्यांच्यामुळे व्यत्यय येता कामा नये. हा अपमान त्यांना आयुष्यभर बोचला. तरी त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम पूर्ण केले. ते पाहून रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश देण्यास सुरुवात केली.

बटाट्यात सापडलेला दुवा

१९३७ च्या सुमारास शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात त्यांना जागा मिळाली. हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ साली नोबेल मिळाले होते. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम नावाची रंगीत प्रथिने पेशींच्या श्वसनात काम करतात हे दाखवले होते. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करताना कमलाबाईंना बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी सापडले. वनस्पतींच्या पेशींतील ऑक्सिडीकरणात त्याचा सहभाग असतो, हे त्यांनी मांडले. म्हणजे प्राणी ज्या पद्धतीने अन्नातून ऊर्जा काढतात, तीच पद्धत बटाटाही वापरतो.

चौदा महिन्यांत त्यांनी अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध सादर केला आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

पेशीतली साखळी

हे सायटोक्रोम-सी आपल्या शरीरात नेमके काय करते? आपण खाल्लेल्या भात-पोळीतून ग्लुकोज तयार होते. पेशीत त्याचे तुकडे होतात आणि ते मायटोकॉन्ड्रिया या सूक्ष्म वीजघरांत जातात. तिथे विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्या तुकड्यांतून इलेक्ट्रॉन काढून घेतात. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसे हे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. सायटोक्रोम-सी हा त्या रांगेतला शेवटून दुसरा गडी. तो इलेक्ट्रॉन शेवटच्या विकराकडे देतो आणि ते विकर तो ऑक्सिजनला देते. त्यातून पाणी तयार होते. आपण श्वासाने घेतलेला ऑक्सिजन मुख्यतः इथेच खर्च होतो.

या देवाणघेवाणीत सुटणाऱ्या ऊर्जेतून एटीपी नावाचा पदार्थ तयार होतो. स्नायू आकसणे, हृदयाचे ठोके, मेंदूचे काम, सगळे एटीपीवर चालते. शरीरात एका वेळी त्याचा साठा अगदी थोडा असतो, त्यामुळे तो सतत बनवावा लागतो. दिवसभरात जवळपास आपल्या वजनाइतका एटीपी बनतो आणि वापरला जातो.

थकव्याचे कारण कुठे असते?

ही साखळी लक्षात घेतली की थकव्याची कारणेही कळतात.

• लोह : सायटोक्रोमच्या मध्यभागी लोह असते. रक्तातून ऑक्सिजन नेणाऱ्या हिमोग्लोबिनलाही लोह लागते. म्हणून लोह कमी पडले की दोन्हीकडून फटका बसतो.
• ब गटातील जीवनसत्त्वे : त्यांतील काही या विकरांना मदतनीस म्हणून लागतात. कमतरता असेल तर औषधाने फरक पडतो, नसेल तर जास्तीच्या गोळ्यांनी ताकद वाढत नाही.
• व्यायाम : नियमित चालण्याने स्नायूंतील मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढते.
• इतर आजार : थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, हृदय किंवा मूत्रपिंडाचे विकार, नैराश्य, अपुरी झोप.

आता सलाईनचा हिशोब पाहा. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे साधारण पाच-सहा चमचे साखर. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडले असेल, तोंडाने काही जात नसेल, तेव्हा सलाईन जरूर लागते. रोजच्या थकव्यावर ते औषध नव्हे.

प्रयोगशाळेतून ताटाकडे

कमलाबाईंना परदेशात राहता आले असते, पण त्या १९३९ साली परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकवले, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायन विषय शिकवू लागल्या. तिथे संचालकपदासाठी त्यांना बरीच वाट पाहावी लागली. अखेर त्या संचालक झाल्या.

इथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबाच्या ताटातल्या अन्नाचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात, ते त्यांनी तपासले. नीट शिजवल्यावर हे घटक बरेचसे निष्प्रभ होतात. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रियांना या स्वस्त पेयाचा फायदा होतो, हे त्यांनी दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. (मधुमेहींनी मात्र नीरेतल्या साखरेचा विचार करावा.) ग्राहकांच्या चळवळीतही त्या होत्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

तुम्ही काय करावे?

थकवा दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर बाटली मागण्याआधी तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि गरज असल्यास बी-१२, एवढ्यातून बरेच कळते. छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल तर वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात जा. वजन घटत असेल, लांबलेला ताप-खोकला असेल किंवा काळी शौच होत असेल, तर लवकर डॉक्टरांना दाखवा.

आणि रोजच्या ताटात शिजवलेली उसळ, पालेभाजी, त्यावर लिंबू असू द्या. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने भाजीतले लोह चांगले शोषले जाते. बटाट्याच्या पेशीतला दुवा शोधणाऱ्या कमलाबाईंनी पुढचे सारे आयुष्य अशाच साध्या अन्नावर खर्च केले.