मुर्तझा मोमय्येझ : इराणी उपयोजित कलेचे अध्वर्यु

पुस्तक हातीं घेतांना आपली दृष्टि प्रथम मुखपृष्ठावर पडते. परंतु तें कोणीं रेखाटलें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. लेखकाचें नांव सर्वांच्या मुखीं राहतें, चित्रकाराचें मात्र आंतल्या पानाच्या कोपऱ्यांत दडून बसतें. अशा उपेक्षित कलेस आपल्या देशांत मानाचें स्थान मिळवून देणाऱ्या एका इराणी कलावंताचें चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुर्तझा मोमय्येझ यांचा जन्म इ. स. १९३५ मध्यें तेहरान शहरीं झाला. इराणांत सुंदर हस्ताक्षर ही फार पूर्वींपासून श्रेष्ठ कला मानली गेली आहे. आपल्या शाळेंत रोज उच्चारले जाणारे कागद व दप्तर हे शब्दही फारसीच्या द्वारेंच मराठींत आले. परंतु पुढें छापखाने व चित्रपट यांच्याबरोबर युरोपीय धर्तीच्या जाहिराती तेथें आल्या, आणि आपली जुनी संपत्ति सोडून परक्याची नक्कल करण्याकडे पुष्कळांचा कल झाला.

मोमय्येझ यांनीं तेहरान विद्यापीठांत चित्रकलेचें शिक्षण घेतलें. १९६१ सालीं कवि अहमद शामलू यांच्या संपादकत्वाखालीं ‘केताबे हफ्ते’ हें साप्ताहिक निघूं लागलें; त्यांतील कथांसाठीं या तरुणानें काढलेल्या काळ्यापांढऱ्या चित्रांकडे रसिकांचें लक्ष वेधलें. तथापि तेवढ्यानें संतुष्ट न होतां ते पॅरिसला गेले, आणि तेथील सुप्रसिद्ध शोभाकला विद्यालयाची पदवी त्यांनीं १९६८ सालीं संपादन केली.

परत आल्यावर त्यांनीं तेहरान विद्यापीठांत उपयोजित कलेच्या स्वतंत्र शिक्षणाचा पाया घातला. येथें त्यांच्यापुढें एक बिकट प्रश्न होता. फारसी लिपि उजवीकडून डावीकडे चालते. तिचीं बहुतेक अक्षरें एकमेकांस जोडलेलीं असतात, आणि शब्दाच्या आरंभीं, मध्यें व शेवटीं एकाच अक्षराचें रूप पालटतें. सुट्या रोमन अक्षरांसाठीं बनलेली युरोपीय मांडणी तिला जशीच्या तशी कशी मानवावी? मोमय्येझ यांनीं तंत्र पॅरिसचें घेतलें, पण वळण आपल्या लिपीचें राखलें. त्यांच्या भित्तिपत्रकांत व बोधचिन्हांत अक्षर हें चित्राखालीं लिहिलेली केवळ ओळ न राहतां स्वतःच चित्र बनतें. तेहरानच्या चित्रपट महोत्सवांचीं भित्तिपत्रकें, नियतकालिकांचीं मुखपृष्ठें, संस्थांचीं बोधचिन्हें अशीं अनेकविध कामें त्यांच्या हातून झालीं. रंग थोडे, रेषा ठाम व अर्थ स्पष्ट, ही त्यांची रीत होती.

१९७९ सालीं इराणांत राज्यक्रांति झाली. पुढच्याच वर्षीं विद्यापीठें बंद पडलीं व इराकशीं आठ वर्षें चाललेलें युद्ध पेटलें. कित्येक कलावंत देश सोडून गेले. मोमय्येझ मायदेशींच राहिले. त्यांनीं आपलें काम व अध्यापन चालू ठेविलें, प्रदर्शनें भरविलीं, आणि पुढें आपल्या व्यवसायबंधूंची संघटना उभारण्यांत पुढाकार घेतला. २५ नोव्हेंबर २००५ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यानंतरच्या पिढीनें अक्षरांनाच आकृतीचें रूप देणारीं जीं इराणी भित्तिपत्रकें जगभर नेलीं, त्यांची वाट त्यांनींच आधीं पाडून ठेविली होती.

या चरित्रापासून काय घ्यावें? परदेशी विद्या जरूर शिकावी, परंतु ती आपल्या मातीत रुजवावी, हा एक बोध. दुसरा आम्ही पालकांस नम्रपणें सुचवूं इच्छितों : वहीच्या कडेस चित्रें काढणाऱ्या मुलास रागें भरण्यापूर्वीं तीं चित्रें एकवार नीट पाहावीं. आणि विद्यार्थ्यांनो, शाळेच्या फलकावर साधी सूचना लिहावयाची असली, तरी ती सुवाच्य व नेटकी लिहा. वाचणाऱ्याविषयींचा आदर अक्षरांतूनच दिसतो.