आठ हजार नळ्यांचा माणूस

३० मार्च १९००. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरापासून ला तुर्बी या डोंगरावरील गावापर्यंत मोटारींची चढाईची शर्यत होती. जर्मनीतील डाइमलर कंपनीचा फोरमन विल्हेल्म बाउअर आपल्या कंपनीची ‘फिनिक्स’ गाडी चालवत होता. वळणावर गाडी हाताबाहेर गेली आणि कड्यावर आदळली. दुसऱ्या दिवशी बाउअरचा मृत्यू झाला.

गाडी उंच होती, आखूड होती आणि तिचा पुढचा भाग फार जड होता. घोडागाडीच्या सांगाड्यावर अधिकाधिक ताकदीचे इंजिन चढवत गेल्यावर दुसरे काय होणार? कंपनीचे संस्थापक गॉटलिब डाइमलर या अपघाताच्या २४ दिवस आधीच वारले होते. आता सगळ्यांचे डोळे लागले होते ते त्यांच्या सहकाऱ्याकडे. हा सहकारी गेली ३५ वर्षे त्यांच्या सावलीत काम करत आला होता. त्याचे नाव विल्हेल्म मायबाख.

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी हाइलब्रॉन येथे झाला. वडील सुतार. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. रॉयटलिंगेन गावात गुस्टाफ वेर्नर नावाच्या एका धर्मोपदेशकाने निराधारांसाठी संस्था चालवली होती. तिथे या मुलाला आसरा मिळाला. संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे आणि डोके यंत्रांत चालते, हे तिथल्या मंडळींनी हेरले. दिवसा कारखान्याच्या आरेखन विभागात काम आणि त्याबरोबर गणित, भौतिकशास्त्राचा अभ्यास, असे त्याचे शिक्षण झाले. विद्यापीठाची पायरी तो चढला नाही.

त्याच कारखान्यात व्यवस्थापक म्हणून गॉटलिब डाइमलर आले. या पोरक्या मुलापेक्षा ते बारा वर्षांनी मोठे. दोघांची जोडी जमली ती डाइमलर यांच्या अखेरच्या दिवसापर्यंत. डाइमलर नोकरी बदलून कार्ल्सरूहला गेले, मायबाख मागोमाग गेले. तिथून दोघे कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील इंजिनांच्या कारखान्यात आले. निकोलाउस ऑटो यांचे चार टप्प्यांत चालणारे इंजिन १८७६ मध्ये तिथेच तयार झाले. ते विकण्याजोगे, टिकाऊ करण्यात मायबाख यांचा मोठा वाटा होता.

ही इंजिने कारखान्यात एका जागी बसून चालणारी होती. वजनदार आणि संथ. डाइमलर आणि मायबाख यांना हवे होते छोटे, हलके आणि वेगाने फिरणारे इंजिन, जे गाडीवर बसवता येईल. १८८२ मध्ये दोघे डॉइट्झ सोडून कानस्टाटला आले आणि डाइमलर यांच्या बागेतील काचघरात त्यांनी प्रयोग सुरू केले. रात्रंदिवस चाललेल्या ठोकाठोकीमुळे माळ्याला संशय आला, की मालक खोटी नाणी पाडत असावेत, आणि त्याने पोलीस आणले, अशी हकिकत सांगितली जाते. १८८५ मध्ये त्यांचे एका सिलिंडरचे उभे इंजिन तयार झाले आणि त्याच वर्षी ते एका लाकडी दुचाकीवर चढले. डाइमलर यांच्या मुलाने ती चालवली तेव्हा प्रज्वलनासाठी तापवलेल्या नळीमुळे खोगीरच पेटले, असेही सांगतात. उष्णता हा मोटारगाडीचा पहिल्या दिवसापासूनचा शत्रू आहे तो असा.

याचे कारण समजून घेऊ. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाके फिरवण्याच्या कामी येते. तेवढीच धुरातून बाहेर जाते आणि साधारण तेवढीच इंजिनाच्या भिंतींत शिरते. ती काढून घेतली नाही तर तेल पातळ होते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन जाम होते. म्हणजे ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला जवळपास तेवढ्याच शक्तीची उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. ताकद दुप्पट केली की कचराही दुप्पट होतो.

सुरुवातीच्या गाड्यांचा उपाय सोपा होता. इंजिनाभोवती पाणी ठेवायचे, ते उकळू द्यायचे आणि वाटेत पुन्हा भरायचे. पाण्याच्या वाफेबरोबर पुष्कळ उष्णता निघून जाते, पण पाणीही संपते. मायबाख यांना हे पटणारे नव्हते. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या त्यांच्या पोलादी चाकांच्या गाडीत त्यांनी पाणी चक्क सांगाड्याच्या पोकळ नळ्यांमधून फिरवले. जो सांगाडा गाडीचे वजन पेलतो, तोच पाणी थंड करतो! कल्पना देखणी होती, पण दीड अश्वशक्तीच्या इंजिनापुरती.

१८९० मध्ये डाइमलर यांची कंपनी भागधारकांची झाली. भांडवलदारांनी देऊ केलेल्या अटी मायबाख यांना मान्य नव्हत्या. ते १८९१ मध्ये बाहेर पडले. कानस्टाटमधील एका बंद पडलेल्या हॉटेलच्या दालनात, डाइमलर यांच्या पाठबळावर, त्यांनी काम चालू ठेवले. पेट्रोलचे फवारे उडवून हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर त्यांनी तिथे १८९३ मध्ये तयार केला. पुढे कित्येक दशके जगभरच्या गाड्यांमधले कार्ब्युरेटर याच तत्त्वावर चालले. कंपनीला १८९५ मध्ये त्यांना सन्मानाने परत बोलवावे लागले. १८९७ मध्ये त्यांनी पाण्याच्या टाकीतून बारीक नळ्या आरपार घालून त्यांतून वारा खेळवणारा रेडिएटर केला. तो चांगला होता, पण ‘फिनिक्स’सारख्या गाडीला तरीही सुमारे १८ लिटर पाणी वाहून न्यावे लागे.

बाउअरच्या मृत्यूनंतर शर्यतीचा नादच सोडावा, असे कंपनीतल्या काहींना वाटू लागले. नीसमध्ये राहणारे आणि डाइमलर गाड्या विकणारे व्यापारी एमिल येलिनेक यांचे म्हणणे उलटे होते. गाडी लांब, रुंद, बुटकी आणि हलकी करा, मग ती वेगातही रस्ता सोडणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदवली. त्यांची एक अट होती, गाडीला त्यांच्या लहान मुलीचे नाव द्यायचे. मुलीचे नाव होते मर्सिडिस.

चौपन्न वर्षांचे मायबाख कामाला लागले. अडचण अशी होती, की गाडी हलकी करायची आणि ताकद ३५ अश्वशक्तीवर न्यायची. जुन्या पद्धतीने गेले तर वाढलेल्या उष्णतेसाठी पाणी वाढवावे लागणार, आणि पाणी म्हणजे वजन, तेही नेमके पुढच्या बाजूला. बाउअरचा जीव घेणाऱ्या दोषाकडेच हा रस्ता परत जात होता. म्हणून थंड करण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय सुरक्षित गाडी होणारच नव्हती.

मायबाख यांनी पाणी वाढवले नाही, पृष्ठभाग वाढवला. ६ मिलिमीटर बाजू असलेल्या चौकोनी, आखूड नळ्या त्यांनी एकमेकींना खेटून रचल्या आणि झाळून त्यांचा एक आयताकृती ठोकळा केला. नळ्यांमधून वारा जायचा आणि दोन नळ्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी उतरायचे. समोरून पाहिले तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसे. नळ्यांची संख्या होती ८,०७०. थोडा हिशेब करून पाहू. अशा एका नळीच्या एक सेंटिमीटर लांबीत आतला पृष्ठभाग होतो २.४ चौरस सेंटिमीटर. आठ हजार सत्तर नळ्यांचा मिळून तो जवळपास दोन चौरस मीटर भरतो, आणि हा फक्त एका सेंटिमीटर जाडीचा हिशेब आहे! पाण्याचा थर पातळ, त्यामुळे पाण्याचा प्रत्येक थेंब थंड धातूच्या जवळ. गाडीचे पाणी १८ लिटरवरून ९ लिटरवर आले.

एक गोष्ट उरली होती. गाडी पळत असताना वारा आपोआप मिळतो. पण चढावर कमी वेगात, किंवा गर्दीत गाडी थांबलेली असताना? इंजिन तापतच असते आणि वारा मात्र नसतो. म्हणून मायबाख यांनी रेडिएटरच्या मागे पंखा बसवला, जो हवा नळ्यांमधून आत ओढून घेई. पोळ्यासारखा रेडिएटर, त्यामागे पंखा आणि पाणी फिरवणारा पंप. आजही पेट्रोल-डिझेलच्या गाडीचे बॉनेट उघडले की हेच त्रिकूट दिसते.

पहिली ‘मर्सिडिस’ २२ डिसेंबर १९०० रोजी येलिनेक यांच्याकडे रवाना झाली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकले. ज्या ला तुर्बीच्या चढावर बाउअर गेला होता, तो चढही तिने जिंकला. घोडा काढून घेतलेली बग्गी, हे मोटारीचे रूप त्या आठवड्यात संपले.

मायबाख यांच्या पंख्याला फिरवत असे खुद्द इंजिन. पुढे इंजिने आडवी बसवली जाऊ लागली, काही गाड्यांत ती मागे गेली, आणि पट्ट्याने पंखा फिरवणे अडचणीचे झाले. मग विजेचा पंखा आला. १९७० आणि १९८० च्या दशकांतील जुन्या स्पोर्ट्स गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांची डोकेदुखी बहुधा इथेच असते. इंजिन ठणठणीत असते, पण चाळीस वर्षांच्या तारा दमलेल्या असतात.

दुखणे ओळखण्याची पहिली खूण मायबाख यांच्याच विचारात आहे. काटा सिग्नलला चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. उलट थांबलेली असताना ठीक आणि वेगात किंवा लांब चढावर तापते, तर रेडिएटर गाळाने भरला आहे का, पंप आणि थर्मोस्टॅट चालतात का, ते पाहावे.

पंख्याचा तपास पायरी पायरीने होतो. आधी फ्यूज. मग पंख्याची जोडणी सोडवून त्याला फ्यूज असलेल्या तारेने थेट बॅटरीवर लावायचे. फिरला तर मोटर चांगली. जोडणी पुन्हा करून रेडिएटरवरील तापमानाच्या स्विचच्या दोन तारा, इग्निशन चालू ठेवून, क्षणभर एकमेकींना जोडायच्या. पंखा सुरू झाला तर स्विच गेला आहे. नाही झाला तर रिले, वायरिंग किंवा सांगाड्याला जोडलेली अर्थची तार तपासायची. गंजलेला सांधा दिसायला साधा असतो, पण १५ अँपिअर प्रवाहाच्या वाटेत फक्त ०.२ ओहमचा रोध आला तरी ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि ४५ वॅट उष्णता त्या सांध्यात तयार होते. पंखा रडतखडत फिरतो आणि प्लास्टिकचा कनेक्टर वितळतो. आणखी एक गंमत म्हणजे दुरुस्तीनंतर दोन तारांची अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरतो. आवाज येतो, पाती फिरतात, पण हवा समोरच्या वाऱ्याच्या विरुद्ध ढकलली जाते. रेडिएटरसमोर कागद धरावा; तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे.

हे करताना दोन पथ्ये पाळावीत. अनेक गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा गरम इंजिनाजवळ बोटे, ओढणी, सैल बाही नेऊ नये. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि ते क्षणात वाफ होऊन उसळते. चेहरा, हात आणि डोळे भाजण्याचे हे नेहमीचे कारण आहे. भाजलेच तर त्या जागी नळाचे गार वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. डोळा किंवा चेहरा असेल किंवा फोड मोठे असतील तर लगेच डॉक्टर गाठावा.

मायबाख यांचे पुढे काय झाले? फ्रेंच मंडळी त्यांना यंत्ररचनाकारांचा राजा म्हणू लागली, पण डाइमलर गेल्यावर स्वतःच्या कंपनीत त्यांचा पाठीराखा उरला नव्हता. त्यांचे अधिकार हळूहळू काढून घेतले गेले आणि १९०७ मध्ये ते बाहेर पडले. पुढल्या वर्षी, ऑगस्ट १९०८ मध्ये, काउंट झेपेलिन यांचे हवाई जहाज एख्टरडिंगेन येथे जळून नष्ट झाले. मायबाख यांनी झेपेलिन यांच्याशी संपर्क साधून अशा जहाजांसाठी अधिक भरवशाचे इंजिन देऊ केले. त्यातून १९०९ मध्ये नवा कारखाना उभा राहिला. त्याची सूत्रे त्यांनी मुलगा कार्ल याच्या हाती दिली. आपण पुन्हा मागेच राहिले, सल्ला देत. विद्यापीठात न गेलेल्या या माणसाला १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

२९ डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, मायबाख यांचे निधन झाले. कानस्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहेत, तिथेच तेही विसावले.