विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (२७ एप्रिल, १८९९ – ७ मार्च, १९७१) हे प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगांचे भारतीय तज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक होते. वारंवार होणारा गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयग्रीवेला घालावयाचा टाका ही त्यांची वैद्यकशास्त्राला देणगी होय. हा टाका जगभर ‘शिरोडकर टाका’ या नावाने ओळखला जातो.

जीवन

शिरोडकरांचा जन्म तत्कालीन पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील शिरोडा या गावी झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ साली त्यांनी एफ.आर.सी.एस. ही पदवी मिळविली. परतल्यावर ते ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले.

संशोधन

काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सहाव्या महिन्यात पुनःपुन्हा पडतो. वार, नाळ व गर्भ निर्दोष असूनही गर्भाशयग्रीवा दुर्बल असल्यामुळे ती फारशा कळा न येताच उघडते आणि गर्भ टिकत नाही. पूर्वी अशा स्त्रियांना दीर्घकाळ अंथरुणावर विश्रांती घेण्यास सांगण्यात येई.

शिरोडकरांनी ग्रीवेच्या या दोषावर शस्त्रक्रियेचा उपाय शोधला. मूत्राशय वर सारून ग्रीवेच्या आतील मुखाच्या पातळीवर त्यांनी टाका घातला. त्यासाठी प्रारंभी रुग्णेच्याच मांडीतील स्नायुआवरणाची पट्टी वापरली जाई. पुढे कृत्रिम धाग्याची फीत प्रचारात आली. ही पद्धती १९५५ मध्ये मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयान मॅक्डोनाल्ड यांनी याहून सोपी पद्धती मांडली. आजही दोन्ही पद्धती वापरात आहेत.

टाका घालण्यापूर्वी योग्य निदान आवश्यक असते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग अथवा प्रसूतिवेदना सुरू असल्यास टाका घालत नाहीत. वार गर्भाशयमुखावर असणे हा निराळा विकार असून त्यावर हा उपाय नव्हे. योनिमार्गे प्रसूती व्हावयाची असल्यास सामान्यतः ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास टाका काढतात.

गर्भाशय खाली सरकण्याच्या विकारावरही शिरोडकरांनी शस्त्रक्रिया विकसित केली. तीत गर्भाशय काढून न टाकता पट्टीच्या आधाराने उचलून धरले जाते. त्यामुळे तरुण स्त्रियांची अपत्यप्राप्तीची क्षमता टिकून राहते.

सन्मान

भारत सरकारने त्यांना १९६० साली पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण देऊन गौरविले.