देवदास आणि लक्ष्मी : पाच वर्षांच्या प्रतीक्षेनंतरचा विवाह

महात्मा गांधी आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या स्नेहाला पुढे नात्याचे रूप आले. हे नाते जुळले ते गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या प्रेमामुळे. जातिबंधनाविरुद्ध बोलणाऱ्या दोन्ही पित्यांची मात्र त्यातून कसोटी लागली.

देवदास गांधी यांचा जन्म २२ मे १९०० रोजी दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे झाला. १९१८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, वडिलांनी त्यांना हिंदी शिकविण्यासाठी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला पाठविले. त्यांनी सुरू केलेल्या वर्गांतूनच पुढे दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा उभी राहिली. या संस्थेचे मुख्यालय आजही चेन्नईच्या त्यागरायनगर भागात आहे.

सेलम येथे वकिली करणारे राजाजी १९१९ मध्ये मद्रासला राहावयास आले. त्याच वर्षी मार्च महिन्यात गांधीजी त्यांच्या घरी उतरले आणि रौलट कायद्याविरुद्ध देशव्यापी हरताळ पाळण्याची कल्पना त्यांना तेथेच सुचली. तेव्हापासून दोन्ही कुटुंबांचा स्नेह वाढत गेला. राजाजींच्या पत्नीचे आधीच निधन झाले होते. १९१२ मध्ये जन्मलेली लक्ष्मी वडिलांच्याच देखरेखीखाली वाढली.

देवदास आणि लक्ष्मी यांनी विवाहाची इच्छा व्यक्त केली, तेव्हा लक्ष्मीचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. देवदास तिच्याहून बारा वर्षांनी मोठे होते. वयातील या अंतराइतकाच जातीचा प्रश्नही बिकट होता. राजाजी अय्यंगार ब्राह्मण, तर गांधी कुटुंब वैश्य. वधू वरापेक्षा उच्च मानलेल्या वर्णातील असल्याने हा संबंध प्रतिलोम ठरत होता आणि रूढ धर्मशास्त्राला तो मान्य नव्हता. १९२० च्या दशकाच्या आरंभी खुद्द गांधीजीही आंतरजातीय विवाहाचे समर्थक नव्हते.

दोन्ही पित्यांनी नकार दिला नाही; मात्र कठोर अट घातली. दोघांनी पाच वर्षे एकमेकांची भेट घेऊ नये आणि त्यानंतरही मन बदलले नाही, तर विवाह व्हावा, असे ठरले. दोघांनीही ही अट पाळली.

मे १९३३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याची सांगता पुण्यातील लेडी ठाकरसी यांच्या 'पर्णकुटी' या निवासस्थानी झाली. तेथेच १६ जून १९३३ रोजी देवदास आणि लक्ष्मी विवाहबद्ध झाले. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी या विवाहाचे पौरोहित्य केले. शास्त्राच्या नावाने ज्या संबंधास विरोध होत असे, तो एका शास्त्रीपंडिताच्याच हस्ते जुळून आला.

देवदास पुढे दिल्लीच्या 'हिंदुस्तान टाइम्स'चे व्यवस्थापकीय संपादक झाले. तारा, राजमोहन, रामचंद्र आणि गोपालकृष्ण ही या दांपत्याची अपत्ये. राजाजी १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री आणि १९४८ मध्ये भारताचे गव्हर्नर जनरल झाले. गांधीजींचे मतही कालांतराने बदलले. अखेरच्या वर्षांत वधूवरांपैकी एक हरिजन असेल, अशाच विवाहास उपस्थित राहण्याचा त्यांनी निश्चय केला.

भिन्न जातींतील हिंदू वधूवरांचे विवाह १९४९ मधील कायद्याने सर्वत्र वैध ठरले. तोवर देवदास आणि लक्ष्मी यांच्या विवाहाला सोळा वर्षे झाली होती. देवदास गांधी यांचे ३ ऑगस्ट १९५७ रोजी मुंबईत निधन झाले.