अल-बिरुनी : किब्ला शोधता शोधता शहरांमधलं अंतर मोजणारा आलिम

मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकली की विमानाचं अंतर आणि वेळ लगेच समोर येते. हजार वर्षांपूर्वी मोबाइल नव्हता, विमानही नव्हतं. तरी दूरच्या शहरांमधलं सरळ अंतर काढणारे लोक होते. त्यांच्यातलं एक मोठं नाव म्हणजे अबू रैहान अल-बिरुनी. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म 973 मध्ये ख्वारज्ममध्ये, काथ शहराजवळ झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. अबू नस्र मन्सूर हे त्यांचे उस्ताद. 997 मध्ये चंद्रग्रहण होतं. तेव्हा बिरुनी जेमतेम 23 वर्षांचे. त्यांनी काथहून आणि अबुल वफा यांनी बगदादहून तेच ग्रहण पाहायचं असं ठरलं. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं, पण स्थानिक वेळ वेगवेगळी असते. दोन्ही शहरांच्या वेळेत सुमारे एका तासाचा फरक निघाला. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश. त्यावरून काथ बगदादच्या किती पूर्वेला आहे ते कळलं.

1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारज्म जिंकलं आणि बिरुनींना गझनीला नेलं. वतन सुटलं, पण अभ्यास सुटला नाही. गझनीहून नमाजसाठी तोंड नेमकं कुठे करायचं, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यासाठी गझनी आणि मक्का यांचे अक्षांश-रेखांश हवे होते. ग्रहणाची वाट किती पाहणार? मग त्यांनी बगदादपासून गझनीपर्यंत शहरामागून शहर घेत काफिल्यांच्या वाटांची अंतरं मांडली. रस्ता वळणावळणाचा असतो, म्हणून त्यातून काही भाग वजा केला. बगदाद आणि गझनीच्या रेखांशांमधला त्यांनी काढलेला फरक आजच्या मोजणीच्या अर्ध्या अंशाच्या आत आहे. हे सगळं त्यांनी ‘तहदीद’ या किताबात लिहिलं. तो 1025 मध्ये पूर्ण झाला.

अंशांचं अंतर कोसांत आणायचं तर पृथ्वी केवढी आहे तेही माहीत हवं. आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्यावर त्यांनी डोंगराची उंची मोजली. मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं, तो कोन मोजला. एवढ्यावरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली.

आपल्या मुलांना हेच गणित मुंबई-जिद्दा घेऊन समजावता येईल. दोन्हींच्या रेखांशांत जवळपास 34 अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने सव्वादोन तास. घड्याळात मात्र अडीच तास, कारण प्रत्येक देश आपली एक वेळ ठरवून घेतो. पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ अंतर साधारण 3,500 किलोमीटर. ताशी 800 चा वेग धरला तर सुमारे साडेचार तास. त्यात चढण्या-उतरण्याचा आणि समोरच्या वाऱ्याचा वेळ मिळवायचा.

बिरुनी हिंदुस्थानात आले तेव्हा संस्कृत शिकले, इथल्या पंडितांकडून ज्ञान घेतलं आणि ‘किताबुल हिंद’ लिहिली. 1050 च्या सुमारास गझनीतच त्यांचा इंतकाल झाला. दीन आणि गणित या दोन वेगळ्या वाटा आहेत, असं आपल्या घरात कोणी म्हटलं तर त्याला बिरुनींची ही हकीकत जरूर सांगा.