थॉमस आल्वा एडिसन आणि चुंबकी विलगीकरण

थॉमस आल्वा एडिसन (जन्म : ११ फेब्रुवारी १८४७, मायलन, ओहायो, मृत्यू : १८ ऑक्टोबर १९३१, वेस्ट ऑरेंज, न्यू जर्सी) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. विजेचा दिवा आणि फोनोग्राफ यांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. आयुष्यातील ऐन उमेदीची सुमारे दहा वर्षे मात्र त्यांनी खडकातून लोहखनिज वेगळे काढण्यात वेचली, ही गोष्ट शालेय चरित्रांत सहसा आढळत नाही.

१८८० मध्ये त्यांना चुंबकी विलगकाचे पेटंट मिळाले. या यंत्रात खनिजाची पूड उंचावरून पातळ धारेने सोडली जाई व धारेशेजारी विद्युतचुंबक असे. चुंबक कणांना चिकटवून घेत नसे, केवळ त्यांची वाट किंचित वळवीत असे. त्यामुळे लोहयुक्त कण पडदीच्या एका बाजूस पडत आणि वाळू सरळ खाली दुसऱ्या बाजूस जाई. चुंबकाच्या ओढीने कण निवडण्याचे हेच तत्त्व पुढे प्रदूषित माती स्वच्छ करण्यासाठीही उपयोगात आले.

प्रारंभी समुद्रकाठच्या काळ्या वाळूवर प्रयोग झाले. नंतर न्यू जर्सीतील ऑग्डेन्सबर्गजवळच्या डोंगरात एडिसन यांनी मोठा कारखाना उभारला. तेथील मॅग्नेटाइट कमी प्रतीचे होते. कित्येक टनांच्या शिळा अजस्र रुळांमध्ये भरडून त्यांची पूड केली जाई. ही पूड झोतभट्टीत वाऱ्याने उडून जाई, म्हणून तिच्या विटा पाडाव्या लागत. त्या विटा पावसात विरघळू नयेत यासाठी योग्य बंधक शोधण्यातही बराच काळ गेला. आठवडाभर एडिसन कामगारांसमवेत खाणीवरच राहत व रविवारी घरी जात. १८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. आपले समभाग विकून आलेला पैसाही त्यांनी येथेच ओतला.

याच सुमारास मिनेसोटातील मेसाबी टेकड्यांत जमिनीलगत, विपुल आणि उच्च प्रतीचे खनिज सापडले. ते भरडण्याची गरजच नव्हती. लोहखनिजाचे भाव कोसळले आणि शतक संपता संपता कारखाना बंद पडला. एडिसन यांचे सुमारे २० लाख डॉलर बुडाले. यंत्रे अखेरीस उत्तम चालत होती. त्यांना बाजारभावाने हरवले, असे म्हणणेच न्याय्य ठरेल.

नंतर एडिसन सिमेंटकडे वळले. खडक भरडण्याचा अनुभव तेथे कामी आला. न्यूयॉर्कमधील १९२३ चे यांकी स्टेडियम त्यांच्याच कंपनीच्या सिमेंटने बांधले गेले.